निळ्या पाण्याचा कौल

हौसा धवलारीण देवांना लग्नाला बोलवायची. पनवेलच्या खाडीकाठच्या गावांत आगरी घरचं लग्न निघालं की भटजी मिळो न मिळो, हौसा मिळालीच पाहिजे, असा सगळ्यांचा हट्ट. मांडवात उभी राहून ती एकेकाचं नाव घेऊन आवतण द्यायची. गणपतीला, एकवीरेला, सूर्याला, चंद्राला, मग डोंगराला आणि शेवटी समुद्राला. तिचा आवाज असा मोकळा आणि हक्काचा, की हे सगळे पाहुणे येऊन मांडवाच्या कडेला दाटीवाटीने बसलेत, असं बायांना वाटायचं. काही जणी तर कडेची जागा मुद्दाम मोकळी सोडायच्या. हे सगळं उभ्याने गायचं असतं. देवाला बसून आवतण देणं म्हणजे त्याचा अपमान, ही तिच्या मावशीची शिकवण, आणि धवले, म्हणजे लग्नातली ही आवतणाची गाणी, तिला शिकवली होती ती मावशीनेच.

एरवी हौसा मिठागरावर राबायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरी मुलगा जगन, तोही मिठागरावरच, आणि सून शकू. शकू धवल्यात सासूच्या मागे ओळ धरायची आणि घरात चूल धरायची. दोन्ही कामांत हौसा तिच्या चुका काढायची आणि शकू त्या मुकाट्याने ऐकून घ्यायची.

त्या साली मार्गशीर्षात मिठागराच्या बांधावर हौसाच्या पायाच्या अंगठ्यात शिंपला घुसला. मिठागरावर असल्या जखमांना कोण विचारतो! खारं पाणी झोंबतं, डोळ्यांत पाणी येतं आणि चार दिवसांत जखम भरून निघते. ही भरेना. पौष लागला तरी अंगठा सुजलेलाच. मग जगनने आईचं काही एक न ऐकता तिला बैलगाडीत घातलं आणि पनवेलात कमळाकर डॉक्टरांच्या दवाखान्यात आणून उभं केलं.

डॉक्टर तरुण होते, मुंबईत शिकून गावी परतलेले. त्यांनी अंगठा पाहिला, मग जीभ पाहिली, तहान फार लागते का विचारलं, आणि हौसाच्या हातात एक बाटली देऊन पडद्यामागे जायला सांगितलं. ती बाटली कशासाठी, हे कळल्यावर हौसाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. एवढ्या मांडवांतून देवांना हाका मारणारी बाई, पण त्या बाटलीपुढे तिच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी पडद्याआड गेली आणि पदराखाली झाकून बाटली घेऊन आली.

डॉक्टरांनी काचेच्या नळीत निळं पाणी ओतलं. इतकं निळं पाणी हौसाने कधी पाहिलं नव्हतं. खाडी कधी निळी नसते, समुद्रही जवळ गेलं की मातकट होतो. हे मात्र मोराच्या मानेसारखं. त्यात डॉक्टरांनी बाटलीतले थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. पाणी उकळायला लागलं. निळ्याचं हिरवं झालं, हिरव्याचं पिवळं, पिवळ्याचं नारिंगी, आणि बघता बघता नळीत भाजलेल्या विटेचा रंग भरला.

हौसाचे हात आपोआप जोडले गेले.

"मावशी, तुमच्या लघवीत साखर आहे," डॉक्टर म्हणाले. "मधुमेह झालाय तुम्हाला."

"साखर?" हौसा म्हणाली. "माजा जल्म मिठात गेला, दाक्तर. माज्यात साखर कुठनं आली?"

डॉक्टरांना हसू आलं, पण अंगठ्याकडे पाहून ते आवरलं. त्यांनी समजावून सांगितलं. गोड तोडायचं. चहात गूळ नाही, साखर नाही, लाडू नाही, शिरा नाही, भातसुद्धा मोजकाच. रक्तातली साखर उतरली तर जखम भरेल. नाही उतरली तर अंगठा काळा पडेल, आणि मग मुंबईच्या मोठ्या इस्पितळात तो कापावा लागेल. "आणि काळं वर चढलं तर पाय," ते म्हणाले. हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं, म्हणून ते जास्तच मोठ्याने ऐकू आलं.

वैशाखात भामाचं लग्न होतं. भामा हौसाच्या लेकीची लेक, पहिली नात. तिच्या जन्माच्या वेळी हौसाने एकवीरेला शब्द दिला होता, की हिच्या लग्नाचं आवतण मी देईन. उभ्याने देईन, हे वेगळं सांगायची गरजच नव्हती.

हौसाने गोड तोडलं. तोडलं म्हणजे कसं, तर संक्रांतीचा तीळगूळ कपाळाला लावून परत दिला. शेजारच्या बारशाचा लाडू हातात घेतला आणि तसाच पोराच्या हातावर ठेवला. कोरा चहा पिताना ती असं तोंड करायची की शकूला हसू दाबावं लागे. पण दिलेला शब्द मोडायचा नाही, हा तिचा बाणा. जी बाई देवांसमोर दोन माणसांची गाठ बांधते, तिचा शब्द खोटा पडला तर त्या गाठींचं काय व्हायचं?

पुढच्या खेपेला मोठ्या तोऱ्यात तिने डॉक्टरांपुढे बाटली ठेवली. पाणी उकळलं आणि पुन्हा वीट.

त्याच्या पुढच्या खेपेलाही वीटच.

"मावशी," डॉक्टर चाचरत म्हणाले, "चोरून काही खाता का? खरं सांगा. माझ्यावर नाही, अंगठ्यावर उपकार होतील."

हौसा गाडीत बसली, घरी आली, आणि उंबरठा ओलांडताच तिचा सगळा राग शकूवर फुटला. "तू घालतंस! जेवनात तूच कायतरी घालतंस! मी मेले की धवले तुजे, मांडव तुजा, मान तुजा. माजा पाय तोडायला बसलीस गो तू!"

शकूच्या हातातली पळी खाली पडली. ती कधी उलट बोलत नसे, पण त्या दिवशी बोलली. "आये, मी तुमच्या ताटात इख घालीन? गोडाचा एक पदार्थ नाय केला मी घरात. तुमचा ल्योक पन कोरा चाय पितो तुमच्यासाठी. तुमीच कुठं लपून खात असाल."

झालं! दोघींचं बोलणं बंद. जगन बिचारा दोघींच्या मधे बसून जेवायचा आणि मिठागरावर लवकर पळायचा. हौसाला रात्रीचा राग सकाळी ओसरल्यावर वाटायचं, शकू असं करणारी नाही. आणि शकूला वाटायचं, आये खोटं बोलणारी नाही. पण मग ती वीट कुठून येते? दोघींनाही उत्तर सापडत नव्हतं, आणि त्यामुळे भीती वाटत होती. एका घरात, दोघींच्या डोळ्यांदेखत साखर येत होती आणि ती दिसत नव्हती.

शेवटी शकूच पुढच्या खेपेला सासूबरोबर गाडीत चढून बसली. डॉक्टरांसमोर उभी राहून म्हणाली, "दाक्तर, आमी दोघी खोटं बोलत नाय. तुमचं निळं पानी आमाला द्या. आमी जेवनच तपासतो."

डॉक्टर टेबलावर हात आपटून म्हणाले, "हे मला सुचायला हवं होतं!" त्यांनी निळ्या पाण्याची बाटली दिली, दोन नळ्या दिल्या, दिवा दिला. नळी तिरकी कशी धरायची, तोंड आपल्याकडे का करायचं नाही, हे शिकवलं. दोघी तो सरंजाम मांडीवर घेऊन गाडीतून परतल्या. वाटेत कोणी विचारलं तर हौसा सांगायची, "देव हाय दाक्तराचा."

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर शकूने ओटीवर दिवा मांडला. सासू-सुनेचा अबोला अजून सुटला नव्हता, त्यामुळे पहिल्या दोन नळ्या मुक्यानेच उकळल्या. माशाच्या कालवणाचं पाणी घातलं, निळं ते निळंच. भाताची पेज घातली, निळीच. हौसाने नाक मुरडलं, जणू म्हणत होती, बघ, काही नाही.

मग शकूने कोकमाचं सार घातलं. नळीत हिरवं आलं, मग पिवळं.

शकूने नळी दिव्यावरून काढली. तिच्या तोंडचं पाणी पळालं. "आये," ती म्हणाली, "यात मी गुळाचा खडा टाकते."

"सारात सगलेच टाकतात," हौसा म्हणाली. "तो काय गोड नसतो. तो चवीपुरता."

आणि असं म्हणता म्हणता ती थांबली. चवीपुरता! हा शब्द तिने आयुष्यभर वापरला होता, तिच्या आईने वापरला होता, तिनेच शकूला शिकवला होता. सारात चवीपुरता, वालाच्या आमटीत चवीपुरता. त्याला कोणी गोड म्हणत नाही. लाडू गोड, शिरा गोड, सार आंबट. पण निळ्या पाण्याला ही वाटणी ठाऊक नव्हती. त्याला फक्त साखर ठाऊक होती.

त्यानंतर दोघींना चेवच चढला. अबोला कुठल्या कुठे गेला. कैरीच्या लोणच्याचा खार घातला, लाल! खोकल्याचा काढा घातला, आणि नळीत अशी वीट उमटली की हौसाने गालावर मारून घेतलं. गूळ घातल्याशिवाय काढा घशाखाली उतरत नाही म्हणून शकू त्यात मूठभर गूळ घालायची, आणि औषधाला कोण गोड म्हणेल! मग हौसाने फडताळातून खारं बटर काढलं. पनवेलच्या बाजारात ताहेरची बेकरी होती, तिथून ती दर आठवड्याला बटरं आणायची, आणि गूळ सुटल्यापासून कोऱ्या चहात बुडवून दुप्पट खायची. कारण ती खारी. बटर कुस्करून पाणी घातलं. नळी पिवळी झाली.

बाजारच्या दिवशी हौसा बेकरीत गेली. गल्ल्यावर ताहेरची आई हव्वाबी बसली होती. दोघींची जुनी ओळख, हव्वाबीच्या घरी मीठ हौसाच्याच आगरातलं जायचं.

"हव्वाबी, तुज्या खाऱ्या बटरात साखर हाय?"

"है ना," हव्वाबी अगदी सहज म्हणाली. "साखर नसली तर खमीर उठंल कसं? आणि वरती तो लाल रंग चढंल कसा? पावात पण टाकतो थोडी. अल्लाची शप्पथ, तू आज विचारतेस म्हणून सांगते, आजवर कोणी विचारलंच नाही."

हौसा बेकरीच्या पायरीवर मटकन बसली. समोर बाजार भरला होता. लोक पिशव्या भरून घरी चालले होते, आणि तिला वाटलं, या सगळ्या पिशव्यांत साखर बसलेली आहे. न बोलावता आलेली. आपण देवांना नावं घेऊन घेऊन बोलावतो, गळा फुटेस्तोवर हाका मारतो, तेव्हा कुठे ते येतात असं मानायचं. ही कुणीही न बोलावता घराघरात, ताटाताटात जाऊन बसते! तिच्या अंगावर काटा आला. रागापेक्षा तिला नवलच जास्त वाटलं, हे मुद्दाम सांगायला हवं.

घरी आल्यावर एकच गोष्ट तपासायची राहिली होती.

हौसाच्या कमरेला एक लहानसा बटवा असायचा. त्यात खडीसाखर. मावशीने तिला धवलारीण केलं त्या दिवशी पहिला खडा तिच्या जिभेवर ठेवला होता आणि सांगितलं होतं, "ही तुज्या गळ्याची देवी. गाताना गालात धर. हिला सोडलंस तर गानं तुला सोडेल." पूर्वी बाकीच्या धवलारणी घसा ओला करायला ताडीचा घोट घ्यायच्या. सरकारने दारूबंदी आणल्यापासून त्याही चोरूनमारून घ्यायच्या, पण हौसाला त्याची गरजच नव्हती. लग्नसराईत तिच्या गालात दिवसभर खडा असे. एक विरघळला की दुसरा. तो ती खात नव्हती, गालात नुसता धरत होती. देवीचं ते, खाण्यात कसं धरणार?

पण शकूची नजर बटव्याकडे गेली होती आणि हौसाने ती पाहिली होती.

"घाल," हौसा म्हणाली आणि डोळे मिटले.

शकूने खडा पाण्यात विरघळवला, नळीत ओतला, दिव्यावर धरला. पाणी उकळलं. पुन्हा उकळलं.

"आये, डोळे उघडा."

नळी निळी होती. मोराच्या मानेसारखी निळी. एक ठिपकासुद्धा बदलला नव्हता.

हौसाने नळीला हात जोडले. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. गुळाला पकडणारं, काढ्याला पकडणारं, हव्वाबीच्या बटरालाही न सोडणारं हे पाणी देवीपुढे मात्र नमलं! शकूनेही हात जोडले. एवढी मोठी साक्ष मिळाल्यावर कोण शंका घेणार?

सारातला गूळ गेला. काढा गेला, लोणचं गेलं, बटरं गेली. पुढच्या खेपेला डॉक्टरांच्या नळीत वीट आली नाही, पिवळं आलं, आणि डॉक्टर खुर्चीतून उठून उभे राहिले. पुढे हिरवट आलं. जखमेच्या कडा लाल झाल्या, ताजं मांस दिसायला लागलं. हौसा गावभर सांगत सुटली.

मग फाल्गुनातली लग्नं आली. आज या गावात, उद्या त्या. हौसा पट्टी बांधून मांडवात उभी राहायची आणि बटवा रिकामा करून घरी यायची. त्या लग्नांनंतर डॉक्टरांनी नळी दिव्यावर धरली, तर वीट. अंगठ्याच्या नखाशी काळी रेघ उमटली होती.

डॉक्टरांनी हातातली पट्टी बाजूला ठेवली. "मुंबईची चिठ्ठी देतो," ते म्हणाले. "आता थांबण्यात अर्थ नाही. आणखी थोडी वाट पाहिली तर पाय जाईल."

"पन आमी सगलं तपासलं हो, दाक्तर!" शकू रडकुंडीला आली. "काय एक सोडलं नाय. आयेची खडीसाखर पन तपासली. ती तर निळीच राहिली."

डॉक्टरांचा लिहिणारा हात थांबला. "कुठली खडीसाखर?"

हौसाने बटवा काढून टेबलावर ठेवला. सगळं सांगितलं, मावशीचं, देवीचं, निळ्या पाण्याच्या साक्षीचं. डॉक्टर ऐकत गेले आणि ऐकता ऐकता त्यांनी दोन्ही हातांनी कपाळ धरलं. "माझी चूक," ते म्हणाले. "सगळी माझी चूक. हे मी सांगायला हवं होतं." ते उठले. "इकडे या दोघी. बघा."

त्यांनी बटव्यातला एक खडा पाण्यात विरघळवला. अर्धं पाणी निळ्यात घालून उकळलं. निळं राहिलं. मग उरलेल्या अर्ध्यात एका बाटलीतून तेजाबाचे थेंब टाकले, ते उकळलं, चिमूटभर सोडा टाकला, आणि मग ते निळ्या पाण्यात ओतून नळी दिव्यावर धरली.

हिरवं. पिवळं. नारिंगी. वीट.

"ही साखर जोडीने राहते," डॉक्टर म्हणाले. त्यांचाही आवाज दबला होता. पुस्तकात कितीदा वाचलेली गोष्ट, पण ती आज त्यांनाही पहिल्यांदाच दिसत होती. "दोन साखरा एकमेकींचा हात धरून बसतात. हात धरलेला असेपर्यंत निळ्या पाण्याला त्या ओळखू येत नाहीत. पोटात गेल्या की हात सुटतो. मी तेजाबाने सोडवला, तुमचं पोट आपसूक सोडवतं. पाणी खोटं बोललं नाही, मावशी. त्याला एवढंच दिसतं."

हौसा नळीकडे पाहत राहिली. हात जुळवणं हे तिचं काम. किती मांडवांत तिने ते केलं होतं! आणि तिच्याच गालात बसून, तिच्याच गाण्याच्या वेळी हा जुळवण्या-सोडवण्याचा खेळ चालला होता, तिला पत्ता नसताना. केवढं मोठं आहे हे सगळं, तिला वाटलं. एवढ्याशा खड्यात केवढं. तिला डॉक्टरांचा राग आला नाही, मावशीचाही नाही. भीती मात्र वाटली, आणि ती पायाची नव्हती.

"ही सोडली तर गानं जाईल," ती म्हणाली.

"धरली तर पाय जाईल," डॉक्टर म्हणाले. "चिठ्ठी मी लिहून ठेवतो, देत नाही. भामाच्या लग्नापर्यंत बघू. पण एक खडासुद्धा नाही."

त्या संध्याकाळी हौसा लंगडत खाडीवर गेली. शकू मागे होती. भरती चढत होती. हौसाने बटवा उलटा केला आणि खडे पाण्यात सोडले. "समुद्राला दर लग्नात आवतन देते," ती शकूला म्हणाली, "पन जेवायला कधी घातलं नवतं." आणि हसण्याऐवजी तिने शकूचा दंड घट्ट धरला.

वैशाखात भामाचा मांडव पडला. सकाळची वेळ, अंगणभर बायका, हळदीचा वास. काळी रेघ नखापाशीच थांबली होती, वर चढली नव्हती. हौसा पट्टी बांधलेल्या पायावर उभी राहिली. तिच्या मागे शकू.

गणपतीचं आवतण चांगलं गेलं. एकवीरेचंही. सूर्यापाशी घसा सुकायला लागला. तिचा हात सवयीने कमरेकडे गेला. बटवा होता, पण रिकामा. चंद्राच्या नावावर आवाज फाटला आणि तुटला. भामाने मान वर केली. हौसाने तोंड उघडलं, पण नुसती हवा आली. मावशी खरं बोलली होती, असं तिला त्या क्षणी वाटलं.

तेव्हा मागून ओळ आली. शकूची. मागे राहायची सवय असलेला तो आवाज पातळ होता, पण त्याने चंद्राचं नाव खाली पडू दिलं नाही. ओळ पुरी करून शकूने तांब्या पुढे केला. "कोमट पानी हाय, आये. आपल्या आगरातलं मीठ टाकलंय चिमूटभर."

हौसा प्यायली. खारट पाणी घशातून उतरलं, तोंडाला लाळ सुटली. तिने डोंगराला हाक मारली. आवाज आला. पूर्वीसारखा मऊ, गोडवा असलेला नव्हता. खडबडीत होता, उघडा होता, मिठागरावर वारा सुटल्यावर हाका मारतात तसा. बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. आणि समुद्राच्या नावाला तो आवाज असा उठला, की कडेला बसलेल्या हव्वाबीने डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि एक म्हातारी जागा सोडून बाजूला सरकली. पाहुणा आला होता. मांडवातल्या कोणालाही त्याची शंका राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी ओटीवर शकूने नळी दिव्यावर धरली. या खेपेला नळीत जेवण नव्हतं, हौसाच्याच बाटलीतले थेंब होते. हौसा शेजारी बसली होती. पाणी उकळलं. निळं. आणखी उकळलं. निळंच. बाहेर आभाळही निळं होतं. हौसाने नळी हातात घेऊन आभाळाला लावून पाहिली, आणि दोन्हींत काही फरक नाही, असं तिने शकूला शपथेवर सांगितलं.

मुंबईची चिठ्ठी डॉक्टरांनी फाडली. पावसाळ्याच्या तोंडावर नखाजवळची काळी कड गळून पडली आणि खाली कोवळी कातडी निघाली. अंगठा जरा वाकडा राहिला, पण राहिला.

अशाच एका दुपारी हौसा जेवायला बसली. ताटात तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. तिने भाकरीचा कोरडा तुकडा मोडून तोंडात टाकला, चावला, आणि थबकली. पुन्हा चावला.

"शकू," ती म्हणाली, "पिठात काय घातलंस?"

शकूचा हात तव्यावरच थांबला. हा प्रश्न तिने पूर्वी ऐकला होता. "काय नाय, आये," ती हळूच म्हणाली. "पीठ नि पानी. तुमची शप्पथ."

"शप्पथ कशाला घालतंस गो?" हौसा म्हणाली. "मी कुठं काय म्हनते? पन हे गोड हाय." तिने आणखी एक तुकडा तोंडात टाकला आणि डोळे मिटून चघळत राहिली. जितकं चघळावं तितकं गोड. ना गुळाचं, ना साखरेचं. तांदळाचं. जन्मभर रोज हीच भाकरी खाल्ली होती, आणि हे तिच्यात होतं. कोणी घातलं नव्हतं, कोणी लपवलं नव्हतं. जिभेवरचा गूळ उतरेपर्यंत ते मुकाट्याने वाट पाहत बसलं होतं. हौसाच्या अंगावर पुन्हा काटा आला, पण हा वेगळा होता. "कुठनं आलं असंल हे?" ती स्वतःशीच म्हणाली.

मग ती उठली. चुलीपाशी गेली, भाकरीचा एक लहानसा तुकडा मोडला आणि शकूसमोर धरला.

"तोंड उघड."

शकूला कळेना. तिने तोंड उघडलं. हौसाने तो तुकडा तिच्या जिभेवर ठेवला, मावशीने तिच्या जिभेवर खडा ठेवला होता अगदी तसा.

"गालात धर," हौसा म्हणाली. "आता मागनं नाय. पुढं उभी राह्य. पयलं आवतन गनपतीचं. मी तुज्या मागं ओळ धरते."